समुद्रपूरची पहाट आणि शिडाची होडी

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर नावाचे तालुक्याचे गाव आहे. नाव ऐकून कुणी लाटा पाहायला गेला तर त्याला कपाशीची आणि तुरीची शेते दिसतील. समुद्र तेथून शेकडो मैल दूर! पण दिवाळी उलटून थंडी पडली, की दारे-खिडक्या घट्ट लावून पत्र्याच्या छपराखाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर पहाटे वरून टपकन् थेंब पडतो. बाहेर पाऊस नाही, पत्र्याला भोक नाही. मग हे पाणी आले कोठून?

नेमका हाच प्रश्न भर समुद्रात छोट्या शिडाच्या होडीत झोपणाऱ्या दर्यावर्दीला पडतो. फरक इतकाच, की समुद्रपूरचा गृहस्थ कूस बदलून पुन्हा झोपतो आणि दर्यावर्दीच्या मात्र जिवाशी गाठ असते.

आपल्या कमांडर दिलीप दोंदे यांचेच उदाहरण घ्या. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या छप्पन्न फुटी शिडाच्या नौकेतून ते १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटेच निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परतले. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. वाटेत २६ जानेवारी २०१० रोजी त्यांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न ओलांडले. जानेवारी म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा. तरीही तेथील पाणी दहा अंशांच्या खालीच असते! पुढे ‘तारिणी’ या तशाच नौकेतून २०१७-१८ साली नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी हीच प्रदक्षिणा केली.

अशा प्रवासात वादळापेक्षा चिवट शत्रू म्हणजे ओल. पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. म्हणून ओले कपडे, ओली गादी आणि वारा हे त्रिकूट जमले, की माणूस आधी कुडकुडतो, मग त्याची बोटे गाठ मारायला नकार देतात आणि शेवटी बुद्धीही बधिर होते. एकट्या माणसाने अशा वेळी चुकीचा दोर सोडला, तर सावरायला दुसरे कोण असणार?

ही ओल सगळीच लाटांची नसते. बरीचशी माणूस स्वतःच निर्माण करतो. रात्रभरात श्वास आणि घाम मिळून एक माणूस पेला-दीड पेला पाणी हवेत सोडतो. चहाचे आधण ठेवले, भात शिजवला, की त्यात भर. एवढेच नव्हे, तर एक किलो गॅस जळला की त्यातून सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते! वीस अंश तापमानाची हवा दर घनमीटरला सुमारे सतरा ग्रॅम बाष्प पेलू शकते. पाच अंशांवर तीच हवा जेमतेम सात ग्रॅम पेलते. खोलीतली उबदार हवा होडीच्या गार भिंतीला टेकली, की जास्तीचे बाष्प तेथेच पाणी होऊन ओघळते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तोच हा प्रकार.

मग उपाय काय? पहिला उपाय ऐकायला विचित्र वाटेल: थंडीतही हवेला वाट ठेवा. बाहेरची हवा दमट भासली, तरी पाच अंशांची हवा आत येऊन वीस अंशांपर्यंत तापली, की ती चांगली कोरडी ठरते आणि आतली ओल घेऊन बाहेर जाते. मात्र एक वाट पुरत नाही. येण्याची एक आणि जाण्याची दुसरी हवी. लाटांचे पाणी आत न येता हवा यावी, म्हणून ‘डोरेड’ या १९३० सालच्या अमेरिकन नौकेवरून नाव पडलेली एक पेटी वापरतात. पेटीच्या एका टोकाला हवेचे नरसाळे असते, तर खोलीत उतरणारी नळी दुसऱ्या टोकाला, तळापासून उंच उभी असते. पाणी तळाच्या भोकांतून वाहून जाते आणि हवा तेवढी आत उतरते.

दुसरा उपाय, भिंत गार राहू न देणे. होडीच्या कवचाला आतून बुचाचा किंवा फोमचा थर देतात. गादी सपाट फळीवर न ठेवता पट्ट्यांच्या चौकटीवर ठेवतात, म्हणजे खालूनही वारा खेळतो. तिसरा उपाय कपड्यांचा. सुती सदरा भिजला की अंगाला चिकटून ऊब पळवतो. लोकर मात्र ओली झाली तरी बरीचशी ऊब टिकवते. पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे उभा राहणारा आपला धनगर हे कुणी न शिकवता जाणतो! शिवाय खाऱ्या पाण्यात भिजलेले कपडे गोड्या पाण्यात खळबळायला हवेत. मीठ हवेतली ओल शोषते. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटते, तसे ते कपडे पुन्हापुन्हा दमट होतात.

चौथी गोष्ट उपायापेक्षा इशाऱ्याची. होडीत शेगडी हवीच असेल, तर तिचा धूर नळीने थेट बाहेर गेला पाहिजे. बंद जागेत जळणारा कोळसा, रॉकेल किंवा गॅस कार्बन मोनॉक्साइड हा वायू सोडू शकतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

आणि येथे आपण पुन्हा समुद्रपुरात, किंबहुना आपल्या प्रत्येकाच्या घरात येतो. बाळंतिणीच्या खोलीत, म्हाताऱ्या माणसांच्या खाटेशेजारी थंडीत कोळशाची शेगडी ठेवून फटीसुद्धा बोळ्यांनी बुजवण्याची माया अजूनही केली जाते. ती माया जीवघेणी आहे. झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर काढा. समोरासमोरची दोन झरोके बोटभर उघडी ठेवा. कपाट ओल्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. स्वयंपाकघरातली वाफ तेथूनच बाहेर घालवा. आणि रात्री एक पांघरूण जास्त घ्या.

ऊब पांघरुणाने राखायची असते, कोंडलेल्या हवेने नव्हे. केप हॉर्नच्या वाटेवरची होडी असो की वर्ध्याकडचे पत्र्याचे घर, थंडीचा हा कायदा दोन्हीकडे एकच!