‘इंजिनाचं थोडंसं काम आहे’ म्हणून विकायला काढलेली होडी घेताय? इसार देण्याआधी एवढं बघा

मालवण : मे महिना संपत आला की किनाऱ्यावरच्या गावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘फायबर होडी विकणे आहे, इंजिनसह. इंजिनाचं थोडंसं काम आहे. इच्छुकांनी फोन करावा.’ सोबत फोटो. होडी माडाखाली ओढून ठेवलेली, नवा निळा रंग मारलेला, मागे इंजिन टांगलेलं. किंमत नव्याच्या मानाने निम्म्याहून कमी. दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाणाऱ्याला, किंवा खाडीत पर्यटक फिरवावेत असं मनात असलेल्या तरुणाला वाटतं, एवढे पैसे तर सोसायटीतून आणि घरातल्या दागिन्यांवर उभे राहतील.

त्या मेसेजमधला सगळ्यात महागडा शब्द म्हणजे ‘थोडंसं’. ते काम एका प्लगचं असू शकतं, कार्बोरेटर साफ करण्याचं असू शकतं, आणि आतला पिस्टन जाम होऊन इंजिन कायमचं गेलेलंही असू शकतं. विकणारा दर वेळी खोटंच बोलतो असं नाही. बऱ्याचदा त्यालाच माहीत नसतं, कारण बंद पडल्यापासून त्याने ते उघडलेलंच नसतं.

म्हणून साधा हिशोब असा ठेवावा : जे इंजिन आपल्या डोळ्यांसमोर सुरू झालं नाही, ते नाहीच असं समजून नुसत्या होडीची किंमत काढायची. समजा, मागणी 1 लाख 20 हजारांची आहे आणि तशी रिकामी होडी तुमच्याकडे 60 हजारांना मिळते. म्हणजे बंद इंजिनाचे तुम्ही 60 हजार देताय. काम खरोखर थोडं निघालं आणि आठ-दहा हजारांत भागलं तर सौदा चांगला. पण सिलिंडर बोअर करणं, नवा पिस्टन, रिंगा, क्रँकच्या बेअरिंगा असं निघालं तर आणखी तीस-चाळीस हजार जाणार, आणि एवढं करून हातात जुनंच इंजिन. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या बंदरातला भाव तुम्हाला ठाऊक. पण ही बेरीज इसार देण्याआधी करायची, नंतर नाही.

आधी दोरी ओढा

आपल्याकडच्या छोट्या होड्यांवर बहुतेक ठिकाणी मागच्या फळीला अडकवायचं आऊटबोर्ड इंजिन असतं. जुनी इंजिनं जास्त करून टू-स्ट्रोक. बघायला जाताना स्वतःचा मेकॅनिक न्या, विकणाऱ्याचा नको. त्याची दिवसाची मजुरी द्यावी लागेल, ती द्या. आपल्या लोकांची एक खोड आहे, लाखाच्या व्यवहारात हजार रुपये वाचवायला बघतात.

गेल्यावर आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी खटपट करून ते सुरू केलेलं आहे. मग ते पूर्ण गार होईपर्यंत थांबा, कारण खरी परीक्षा गार इंजिन सुरू होण्याची. चहा घ्या, गप्पा मारा. होडी कधी उलटली होती का, इंजिन पाण्यात गेलं होतं का, हे मात्र विकणाऱ्याला एकट्याला विचारू नका, जेटीवरच्या चहावाल्याला आणि शेजारच्या तांडेलालाही विचारा. खाऱ्या पाण्यात बुडालेलं इंजिन त्याच दिवशी खोलून, गोड्या पाण्याने धुऊन, तेल मारून ठेवलं नसेल तर आतल्या बेअरिंगा गंजतात. वरून चकचकीत दिसतं, पण दोन-चार महिन्यांत बसतं.

आता दोरी सावकाश ओढा. हलतच नसेल तर इंजिन जाम आहे. नुसतं पडून राहिल्याने रिंगा चिकटल्या असतील तर ते सुटूही शकतं, पण ते सुटेल या आशेवर पैसे देऊ नयेत. उलट दोरी अगदी अलगद, काही अडथळा न लागता सुटत आली तर तेही वाईट. म्हणजे कॉम्प्रेशन राहिलेलं नाही. चांगल्या इंजिनाची दोरी ओढताना हाताला टप्प्याटप्प्याने जोर लागतो.

मेकॅनिककडे कॉम्प्रेशन गेज असतो. प्लग काढून तो लावायचा आणि दोरी जोरात चार-पाच वेळा ओढायची. आकडा किती हवा हे मॉडेलनुसार बदलतं. पण इंजिन दोन सिलिंडरचं असेल तर दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एकात शंभर आणि दुसऱ्यात सत्तर आलं, तर ते ‘थोडंसं काम’ नाही. काढलेले प्लगही बघा. एका प्लगवर पाण्याचे थेंब किंवा गंज दिसला तर पाणी आत शिरतंय असं समजा.

वरचं कव्हर काढल्यावर सगळीकडे मिठाचा पांढरा थर दिसला, तर हे इंजिन कधी गोड्या पाण्याने धुतलेलं नाही. बोल्टांच्या कडा घासलेल्या दिसल्या तर ते आधी खोललेलं आहे, का ते विचारा. गंजावर ताजा रंग मारलेला असेल तर त्याचा वेगळा अर्थ सांगायला नको.

पंख्यामागचा नायलॉन

ही गोष्ट पुष्कळ जण बघत नाहीत. पंख्याच्या मागे जाळ्याचा नायलॉन गुंडाळला जातो, आणि फिरता फिरता तो शाफ्टचं सील कापतो. मग खालच्या गिअरबॉक्समध्ये पाणी शिरतं. तपासायला सोपं आहे. गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू जरासा सैल करून तेलाचे थेंब बोटावर घ्या. तेल मधासारखं किंवा काळपट असेल तर ठीक. चहात दूध घातल्यासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी मिसळलंय. सील नवं टाकणं फार मोठं काम नाही, पण त्या पाण्यात गिअर किती महिने फिरले हा प्रश्न उरतो. तेलात लोखंडाचा चमचमणारा कीस दिसला तर गिअर खाल्ले गेलेत. हात लावतोय तेव्हा पंखा हाताने फिरवून शाफ्ट वाकडा आहे का तेही बघा.

पिंपातली परीक्षा, आणि तिची मर्यादा

ही इंजिनं बाहेरचं पाणी ओढून थंड होतात. ते पाणी खेचणारा रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, पाण्याशिवाय फिरला तर थोड्याच वेळात जळतो. त्यामुळे ‘दोन सेकंद चालवून दाखवतो’ म्हणत जमिनीवर कोरडं इंजिन सुरू करणाऱ्याला थांबवा. 200 लिटरचं पिंप पाण्याने भरून, इंजिनाचा खालचा भाग त्यात बुडवून मग सुरू करायचं. हात आणि लहान मुलं लांब. शक्यतो पंखा काढूनच ठेवा.

सुरू झाल्यावर इंजिनाच्या बाजूने पाण्याची बारीक धार बाहेर पडायला हवी. ती सलग आणि जोरात असेल तर थंड करणारं पाणी फिरतंय. धार थेंबथेंब येत असेल तर इम्पेलर गेलाय किंवा वाट मिठाने, वाळूने तुंबलीय. खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्यांत वाळू जाऊन हे लवकर होतं. इम्पेलर स्वस्त असतो. पण धार नसताना इंजिन किती दिवस तापवत चालवलं, ते कोणी सांगत नाही.

रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाची गोष्ट थोडी वेगळी. ते पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर रॉकेलवर घेतात आणि बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणतात. ही सवय नसलेल्या मालकाच्या इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये रॉकेल साचून राहतं आणि सकाळी ते सुरूच होत नाही. असं एखादं इंजिन ‘बिघडलेलं’ म्हणून स्वस्तात मिळून जातं, आणि घेणाऱ्याचं नशीब उघडतं. हेही होतं, नाही असं नाही.

पण पिंपात इंजिनावर भार नसतो हे लक्षात ठेवा. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने पावसाळ्याच्या तोंडावर पिंपात दहा मिनिटं झकास चाललेलं इंजिन पूर्ण पैसे मोजून घेतलं. बंदी उठल्यावर पहिल्याच खेपेला अर्ध्या तासात ते तापून बंद पडलं. आतल्या पाण्याच्या वाटा मिठाने निम्म्या बुजलेल्या होत्या. बरोबर दुसरी होडी होती म्हणून दोरी बांधून परत आला. तोपर्यंत विकणाऱ्याचा फोन लागायचा बंद झाला होता.

1 जून ते 31 जुलै अशी मासेमारी बंदी असते आणि होड्या वर ओढलेल्या असतात. त्यामुळे या दिवसांत भाव उतरतो, पण समुद्रात चालवून बघता येत नाही. यावर मार्ग एकच. इसार द्या, लेखी करा, आणि ‘बंदी उठल्यावर समुद्रात तासभर भाराने चालवून मग उरलेली रक्कम’ अशी ओळ त्यात घाला. विकणारा म्हणेल, ‘माझ्यार विश्वास नाय काय?’ विश्वास आहे म्हणूनच इसार देतोय, असं सांगावं. तो अजिबातच तयार नसेल तर उत्तर मिळालं असं समजून परत फिरा.

इंजिन ठीक, पण फळी?

इंजिन बघण्याच्या नादात होडी राहून जाते. फायबरच्या बऱ्याच होड्यांत मागच्या फळीच्या आत प्लायवूड असतं. बोल्टांच्या भोकांतून पाणी मुरलं की ते आतून कुजतं, बाहेरचं फायबर मात्र शाबूत दिसतं. इंजिनाचं सगळं वजन आणि सगळा जोर याच फळीवर येतो. इंजिनाला धरून वर-खाली हलवा आणि फळीकडे बघा. ती वाकताना दिसली, बोल्टांभोवती केसासारख्या चिरा असल्या, तर हे काम इंजिनापेक्षा मोठं. मग रुपयाच्या नाण्याने सगळी होडी ठोकत जा. खणखणीत आवाज येतो तिथे ठीक. थप्प असा बसका आवाज आला तर आत पाणी आहे किंवा थर सुटलेत. ताजा रंग फक्त एकाच भागात असेल तर तिथे दुप्पट ठोका.

अजून एक. इंजिन त्याच होडीचं आहे का? आऊटबोर्डचे पाय साधारण 15 इंची आणि 20 इंची असतात. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती होडीच्या तळाच्या बरोबरीला किंवा किंचित खाली यायला हवी. उंच फळीवर आखूड इंजिन लावलं तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं ओरडतं आणि होडी हलत नाही.

कागद नसतील तर होडी तुमची नाही

मासेमारीच्या होडीची नोंदणी मत्स्यव्यवसाय विभागाकडे असते आणि तिचा ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा क्रमांक होडीवर रंगवलेला असतो. तो क्रमांक आणि नोंदणी पुस्तकातला क्रमांक जुळवा, मालकाचं नाव बघा. होडी वडिलांच्या नावावर आणि विकतोय तीन भावांतला एक, असं आपल्याकडे नेहमीचं आहे. मग बाकीच्या दोघांच्या सह्या घ्या. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज बाकी आहे का ते तिथे स्वतः जाऊन विचारा आणि ना हरकत दाखला घ्या. राज्याच्या 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याप्रमाणे मासेमारीला परवाना लागतो. होडी घेतली म्हणजे तो आपोआप तुमचा होत नाही, स्वतःच्या नावाने करून घ्यावा लागतो. इंजिनाचा सिरियल नंबर बिलाशी ताडून बघा, चोरीचं इंजिन गळ्यात पडायला नको. मॉडेल जुनं असेल तर सुटे भाग मिळतात का, हे दुकानात फोन करून आधीच विचारा.

पर्यटक फिरवायचे असतील तर मासेमारीचा परवाना चालत नाही. त्यासाठी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे जावं लागतं. होडीची तपासणी, किती माणसं बसवायची त्याची मर्यादा, लाईफ जॅकेट हे सगळं त्यात आलं. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता, हे इथे कोणी विसरलेलं नाही. तेव्हा ‘आधी होडी घेऊ, परवान्याचं मागाहून बघू’ असं करू नका. आधी बंदर निरीक्षकाच्या कार्यालयात जाऊन ही होडी प्रवासी वाहतुकीला बसते का ते विचारा, मग सौदा.

व्यवहार झालाच, तर समुद्रात जायच्या आधी इम्पेलर, प्लग आणि गिअर ऑईल नवं टाका, जुनं कितीही चांगलं दिसलं तरी. पेट्रोलमध्ये मोटरसायकलचं नको, आऊटबोर्डचं टीसीडब्ल्यू-3 ऑईल मिसळा. प्रमाण इंजिनाच्या पुस्तकात दिलेलं असतं. 50 ला 1 असेल तर एका लिटरला 20 मिली. रोज परत आल्यावर पिंपात गोड्या पाण्यावर दहा मिनिटं इंजिन चालवा. पहिले पंधरा दिवस किनारा दिसेल एवढ्याच अंतरावर, आणि दुसऱ्या होडीच्या सोबतीने जा. होडीत वल्हं, नांगर, लांब दोरी आणि दोन जादा प्लग असू द्या. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि त्यात दोन नंबर साठवा : तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093.