विश्लेषण : इंजिनचा काटा मधोमध, तरी गिअरबॉक्स तापलेला? ट्रेलर ओढताना ट्रान्समिशनच्या तापमानाकडे लक्ष का द्यावे?

अमेरिकेत मे अखेरच्या ‘मेमोरियल डे’पासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातील ‘लेबर डे’पर्यंत सुट्ट्यांचा हंगाम असतो. या काळात एसयूव्हीच्या मागे कॅम्पर किंवा बोटीचा ट्रेलर जोडून निघणारी कुटुंबे महामार्गांवर जागोजागी दिसतात. तिथे स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबेही त्यात असतात. टायरची हवा, ब्रेक, ट्रेलरचे दिवे हे सगळे निघण्यापूर्वी तपासले जाते. एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या यादीत नसते, ती म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेलाचे तापमान. इंजिन गरम झाले की काटा चढतो, ते लगेच कळते. गिअरबॉक्स मात्र गुपचूप तापतो आणि कळते तेव्हा दुरुस्तीचे बिल काही हजार डॉलरचे असू शकते. हे तापमान वाढते कशामुळे, ते पाहायचे कसे आणि वाढले तर काय करायचे, हे समजून घेऊ.

उष्णता येते कुठून?

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. पारंपरिक ऑटोमॅटिक गाडीत त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवले, एक सुरू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हेच घडते, फक्त हवेऐवजी तेल असते. इंजिनच्या बाजूचे पाते तेल फेकते आणि त्या जोरावर गिअरबॉक्सच्या बाजूचे पाते फिरते. या दोन पात्यांच्या वेगात जेवढा फरक, म्हणजे जेवढी ‘स्लिप’, तेवढी ऊर्जा चाकांपर्यंत न पोहोचता तेलात उष्णता म्हणून उरते.

सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना कन्व्हर्टरमधील ‘लॉक-अप क्लच’ दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट जोडतो. मग स्लिप जवळपास संपते आणि तेल थंड राहते. पण मागे दोन टनांचा ट्रेलर असेल, समोर चढ असेल आणि वेग कमी असेल, तर हा क्लच वारंवार सुटतो. गाडी वरच्या गिअरमध्ये जाते, ताकद कमी पडते, पुन्हा खालच्या गिअरमध्ये येते. या सततच्या चढ-उतारात गिअरबॉक्समधील क्लच प्लेटही घासतात आणि तेल आणखी तापते. ट्रेलर चढावर मागे घेणे तर सर्वांत वाईट. रिव्हर्समध्ये कन्व्हर्टर लॉक होत नाही आणि गाडी जेमतेम हलत असल्याने पुढून वाराही मिळत नाही.

किती उष्णता? एका चढाचे गणित

ॲरिझोना आणि नेवाडा या राज्यांच्या सीमेवर कोलोराडो नदीवर डेव्हिस डॅम नावाचे धरण आहे. तिथून युनियन पासपर्यंत जाणारा ॲरिझोनाचा ६८ क्रमांकाचा राज्यमार्ग सुमारे १८ किलोमीटरमध्ये ९०० मीटर चढतो. अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेच्या ‘जे२८०७’ या मानकात गाडीची ओढण्याची क्षमता ठरवताना याच चढाचा आधार घेतला जातो. बाहेर किमान ३८ अंश सेल्सिअस, एसी पूर्ण क्षमतेने सुरू आणि मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर, अशा स्थितीत नेहमीच्या एसयूव्हीने वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाऊ न देता हा चढ पार करायचा असतो.

आता गणित करू. एसयूव्ही आणि ट्रेलर मिळून ४,५०० किलो वजन धरले, तर ते ९०० मीटर वर नेण्यासाठी जवळपास ११ युनिट विजेइतकी ऊर्जा लागते, तीही १७ मिनिटांत. यात हवेचा आणि टायरचा विरोध मिळवला, की गिअरबॉक्समधून सुमारे ८० किलोवॅट शक्ती सतत जात असते असे धरायला हरकत नाही. कन्व्हर्टर सुटलेला असताना त्यातील १० टक्के जरी वाया गेली, तरी ती ८ किलोवॅट उष्णता होते. म्हणजे प्रत्येकी २ किलोवॅटचे चार गिझर एकाच वेळी त्या थोड्याशा तेलात सुरू ठेवल्यासारखे झाले. कूलरला ही उष्णता बाहेर टाकता आली नाही, तर तेलाचे तापमान मिनिटामिनिटाला वाढत जाते.

किती तापमान म्हणजे जास्त?

गिअरबॉक्सच्या व्यवसायात एक जुना ठोकताळा वापरला जातो. ८० अंश सेल्सिअसच्या आसपास तेल उत्तम काम करते. त्यापुढे दर ११ अंशांना त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणजे १०२ अंशांवर सतत चालणाऱ्या तेलाचे आयुष्य पाव उरते. ११५ अंशांच्या पुढे तेलातून वार्निशसारखा चिकट थर तयार होऊ लागतो. १२७ अंशांच्या आसपास रबरी सील कडक होतात आणि १४५ च्या पुढे क्लच प्लेट सटकू लागतात.

हा ठोकताळा जुन्या खनिज तेलांचा आहे. आजची सिंथेटिक तेले याहून जास्त उष्णता सोसतात. इंधन वाचावे म्हणून ८ आणि १० गिअरचे काही नवे गिअरबॉक्स मुद्दाम ९० ते १०० अंशांदरम्यान चालवले जातात. त्यामुळे ९५ चा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. आपल्या गाडीचा ट्रेलरशिवायचा नेहमीचा आकडा किती, हे आधी माहीत असायला हवे. साधारणपणे ११० ओलांडले की चालवण्याची पद्धत बदलावी आणि १२० च्या वर गेले की थांबण्यासाठी जागा शोधावी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी मर्यादा दिली असेल, तर तीच पाळावी.

डॅशबोर्डवरचा काटा हे का सांगत नाही?

डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा इंजिनच्या कूलंटचा असतो, गिअरबॉक्सच्या तेलाचा नाही. शिवाय अनेक आधुनिक गाड्यांत तो मुद्दाम ‘स्थिर’ ठेवलेला असतो. कूलंट ठरावीक पट्ट्यात वर-खाली झाले, तरी काटा मधोमधच राहतो. गिअरबॉक्ससाठी बहुतेक गाड्यांत फक्त एक इशारा देणारा दिवा असतो. तो पेटतो तेव्हा तेल आधीच बरेच तापलेले असते. दिवा पेटला नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असा अर्थ काढता येत नाही. दिवा न पेटताही प्रत्येक सहलीत तेल थोडे थोडे जळत असू शकते.

तापमान पाहायचे कसे?

आधी गाडीतील स्क्रीनचे मेन्यू तपासावेत. टोइंगसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक एसयूव्ही आणि पिकअपमध्ये ट्रान्समिशनच्या तापमानाचे पान असते, फक्त ते नेहमीच्या स्क्रीनवर दिसत नाही.

ते नसेल, तर ओबीडी पोर्टचा मार्ग आहे. स्टिअरिंगच्या खाली असलेल्या या सॉकेटमध्ये एक छोटे ब्लूटूथ उपकरण लावले, की मोबाइल अॅपवर गाडीच्या सेन्सरचे आकडे दिसतात. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सर्व नव्या कारमध्ये हे पोर्ट बंधनकारक आहे. इंजिन कूलंटचे तापमान प्रत्येक गाडीत एकाच प्रमाणित कोडने मिळते. गिअरबॉक्सच्या तेलासाठी मात्र प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा असतो. म्हणून अॅप घेण्यापूर्वी ते आपल्या मॉडेलचा हा कोड ओळखते का, हे तपासावे.

आकडा कुठला आहे, हेही महत्त्वाचे. बहुतेक सेन्सर तळाच्या ऑइल पॅनमधील तेल मोजतात. कन्व्हर्टरमधून नुकतेच बाहेर पडलेले तेल चढावर त्यापेक्षा बरेच गरम असू शकते. काही गाड्यांत हे दोन्ही आकडे वेगवेगळे मिळतात. अशा वेळी पॅनचा आकडा तेलाची एकूण स्थिती सांगतो आणि कन्व्हर्टरचा आकडा पुढे काय होणार याची आधी चाहूल देतो.

चालकाने गाडी चालवताना मोबाइलकडे पाहत राहू नये. अॅपमध्ये ११० अंशांचा अलार्म लावावा आणि आकडा सांगण्याचे काम शेजारच्या सीटवरील व्यक्तीकडे द्यावे. गाडी काही दिवस उभी राहणार असेल, तर उपकरण काढून ठेवावे, नाहीतर बॅटरी उतरू शकते.

आकडा वाढू लागला तर काय करावे?

पहिली गोष्ट, वेग कमी करा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ११३ वरून ९७ किलोमीटरवर आलात, तर हा विरोध सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. उंच, चौकोनी कॅम्पर ओढताना हा फरक मोठा असतो.

दुसरी, एक गिअर खाली या आणि तिथेच राहा. इंजिनचा आवाज वाढेल, इंधनही थोडे जास्त लागेल. पण कन्व्हर्टर लॉक होण्याची शक्यता वाढते आणि गिअर सतत बदलणे थांबते. गाडीत ‘टो-हॉल’ मोड असेल, तर निघतानाच सुरू करावा. तो हेच काम आपोआप करतो आणि उतारावर इंजिन ब्रेकिंगही देतो.

तिसरी, तरीही आकडा चढतच राहिला, तर सुरक्षित ठिकाणी थांबा. गिअर ‘पी’मध्ये टाका, पण इंजिन लगेच बंद करू नका. इंजिन चालू असेल तरच पंप तेलाला कूलरमधून फिरवत राहतो. काही मिनिटांत आकडा खाली येताना दिसेल.

प्रत्येक सहलीत आकडा वर जात असेल, तर पुढच्या जाळीमागे बसणारा जादा ऑइल कूलर लावून घ्यावा. नियमित टोइंग करणाऱ्यांनी गिअर ऑइल नेहमीच्या मुदतीआधी बदलावे. मॅन्युअलमध्ये खडतर वापराचे वेगळे वेळापत्रक असते, टोइंग त्यात मोडते. लालसर तेल तपकिरी झाले असेल आणि त्याला करपल्याचा वास येत असेल, तर पुढच्या सहलीची वाट पाहू नये.

घाटातल्या कोंडीशी याचा संबंध काय?

महाराष्ट्रात ट्रेलर ओढणाऱ्या एसयूव्ही क्वचितच दिसतात. पण जोडून सुट्ट्या आल्या की बोरघाटात किंवा खंबाटकीत होणारी कोंडी गिअरबॉक्ससाठी तशीच परीक्षा असते. माणसे आणि सामानाने भरलेली गाडी, चढ, वेग जवळपास शून्य आणि एसी सुरू. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत अशा वेळी कन्व्हर्टर बहुतांश वेळ सुटलेलाच असतो. डीसीटी किंवा एएमटीमध्ये कन्व्हर्टर नसतो, पण मुंगीच्या गतीने सरकताना क्लच अर्धवट धरलेला राहतो आणि तापतो. काही डीसीटीमध्ये क्लच कोरडा असतो, म्हणजे त्याला थंड करायला तेलही नसते.

म्हणून चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये, ब्रेक किंवा ऑटो-होल्ड वापरावे. पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकण्याऐवजी थोडे अंतर पडू द्यावे आणि मग एकदम पुढे जावे. जास्त वेळ थांबावे लागले, तर न्यूट्रलमध्ये टाकून हँडब्रेक लावावा. गिअरबॉक्स तापल्याचा संदेश स्क्रीनवर आलाच, तर ‘घाट संपेपर्यंत रेटू’ असे म्हणू नये. बाजूला सुरक्षित जागा पाहून गाडी ‘पी’मध्ये, एएमटी असेल तर न्यूट्रलमध्ये हँडब्रेकसह, दहा-पंधरा मिनिटे उभी ठेवावी. एवढ्या वेळेच्या बदल्यात क्लच किंवा गिअरबॉक्स वाचू शकतो.