प्रारण-संरक्षण प्रशिक्षक
क्ष-किरण, गॅमा किरण, बीटा कण, न्यूट्रॉन इ. आयनीकारक प्रारणांचे मापन कसे करावे व त्यांच्यापासून स्वतःचे व इतरांचे संरक्षण कसे करावे, याचे शिक्षण देणाऱ्या व्यक्तीस प्रारण-संरक्षण प्रशिक्षक म्हणतात. रुग्णालये, अणुभट्ट्या, कारखाने, संशोधन-प्रयोगशाळा, अग्निशामक दले, नागरी संरक्षण दले व सैन्य यांतील कर्मचाऱ्यांना असे शिक्षण द्यावे लागते. प्रस्तुत नोंदीत हे प्रशिक्षक कोणकोणत्या व्यवसायांतून आले, त्या त्या व्यवसायाने अध्यापनाला काय दिले व कोणत्या उणिवा ठेवल्या, यांचे विवेचन केले आहे.

आयनीकारक प्रारण डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास वा चव नसते आणि सामान्यतः त्याचा स्पर्शही जाणवत नाही. विस्तव किंवा विजेची तार यांचा धोका मनुष्य अनुभवाने शिकतो. प्रारणाच्या बाबतीत अनुभव मिळेपर्यंत इजा होऊन गेलेली असते. म्हणून या क्षेत्रात उपकरणाचा काटा हेच कामगाराचे ज्ञानेंद्रिय होय. काट्याचे वाचन कसे करावे व त्यावर केव्हा विश्वास ठेवावा किंवा ठेवू नये, हे शिकविणाऱ्याचे ज्ञान अपुरे असेल, तर त्याची किंमत शिकणाऱ्याला मोजावी लागते. यामुळे प्रशिक्षकाची पूर्वपीठिका हा केवळ सेवानियमांचा प्रश्न राहत नाही.

इतिहास : व्ही. के. रंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतर कित्येक वर्षे हे काम शिकविणारा स्वतंत्र वर्ग नव्हता. वैद्य, छायाचित्रकार व विद्युत् उपकरणांचे कारागीर एकमेकांचे पाहून शिकत. नलिका नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी स्वतःचा हात किरणांसमोर धरण्याची पद्धत त्या काळी रूढ होती व तीच पुढच्या पिढीला शिकविली जाई. टॉमस एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली हे क्ष-किरणांमुळे झालेल्या कर्करोगाने १९०४ मध्ये मरण पावले. क्ष-किरण व रेडियम यांच्या कामात प्राणास मुकलेल्या अशा व्यक्तींचे स्मारक १९३६ मध्ये जर्मनीतील हँबर्ग येथे उभारण्यात आले. प्रारणाच्या मापनासाठी आंतरराष्ट्रीय आयोग १९२५ मध्ये व संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय समिती १९२८ मध्ये अस्तित्वात आली. या कार्यात पुढाकार घेणाऱ्यांमध्ये स्वीडनचे रॉल्फ सीव्हर्ट यांच्यासारखे, रुग्णालयांशी निगडित असलेले भौतिकीविज्ञ होते. सममूल्य मात्रेच्या एककाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अणुबाँबचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा पूर्वी कधीही हाताळला गेला नव्हता एवढा किरणोत्सर्गी पदार्थ निर्माण होणार हे स्पष्ट झाले. १९४२ पासून शिकागो येथील धातुविज्ञान प्रयोगशाळेत कामगारांच्या संरक्षणासाठी जो गट जमविण्यात आला, त्यातून ‘आरोग्य भौतिकी’ ही नवी शाखा उदयास आली. या गटातील अर्नेस्ट वोलन व कार्ल मॉर्गन हे विश्वकिरणांचे अभ्यासक होते. विश्वकिरणांचे संशोधक अत्यंत क्षीण प्रारण मोजण्यात निष्णात असल्यामुळे त्यांची निवड स्वाभाविक होती. मॉर्गन हे त्यापूर्वी महाविद्यालयात अध्यापन करीत असत. हर्बर्ट पार्कर हे मूळचे इंग्लंडमधील वैद्यकीय भौतिकीविज्ञ; कर्करोगाच्या उपचारात रेडियमच्या सुया कशा मांडाव्यात यासंबंधीच्या नियमांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. गटाचे प्रमुख रॉबर्ट स्टोन हे वैद्य होते. याप्रमाणे या विषयाच्या पहिल्या शिक्षकांपैकी कोणीही तो विषय शिकून आलेला नव्हता.

एल्डा अँडरसन (१८९९–१९६१) : प्रशिक्षकाच्या पूर्वपीठिकेचे हे एक बोधप्रद उदाहरण आहे. त्यांनी आयुष्याची सुरुवातीची अनेक वर्षे अमेरिकेतील शाळा व महाविद्यालये यांत विज्ञान व गणित शिकविण्यात घालविली. मिलवॉकी येथील महिला महाविद्यालयात त्या भौतिकी विभागाच्या प्रमुख होत्या. १९४१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यावर त्या युद्धकार्यात सामील झाल्या व १९४३ पासून लॉस ॲलॅमॉस येथे त्यांनी युरेनियमाच्या भंजनासंबंधी संशोधन केले. १९४९ मध्ये त्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या आरोग्य भौतिकी विभागात शिक्षण व प्रशिक्षण यांच्या पहिल्या प्रमुख झाल्या. म्हणजेच अध्यापन, संशोधन व प्रत्यक्ष धोक्याच्या जागी केलेले काम ही तिन्ही अंगे त्यांच्या ठिकाणी एकत्र आली होती. १९५५ मध्ये स्टॉकहोम येथे, १९५७ मध्ये बेल्जियममध्ये व १९५८ मध्ये मुंबई येथे भरलेल्या प्रशिक्षण वर्गांचे त्यांनी आयोजन केले. १९५६ मध्ये त्यांना ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाल्याचे निदान झाले होते. तरीही मुंबईचा वर्ग त्यानंतर झाला.

भारत : भारतात या विषयाची सुरुवात रुग्णालयापासून झाली असे म्हणता येईल. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले व तेथे रामय्या नायडू यांनी वैद्यकीय भौतिकीचा पाया घातला. १९५४ मध्ये तुर्भे येथे अणुऊर्जा संस्थेची स्थापना झाली (१९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र) व १९५६ मध्ये ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. १९५७ मध्ये तेथे प्रशिक्षण विद्यालय निघाले. त्यात भौतिकी, रसायनशास्त्र, जीवविज्ञान व अभियांत्रिकी यांच्या पदवीधरांना संस्थेतील वैज्ञानिकच शिकवीत. आरोग्य भौतिकी विभागाची धुरा वाहिलेले ए. के. गांगुली हे प्रारण रसायनशास्त्राचे अभ्यासक होते. पाणी, माती व अन्न यांतील किरणोत्सर्गी द्रव्यांचे मापन हे मुख्यतः रसायनशास्त्रज्ञाचे काम असल्याने त्यांच्या पूर्वपीठिकेचा या विषयाला फार उपयोग झाला.

१९६२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तुर्भे येथे प्रारणवैज्ञानिक भौतिकीचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. भौतिकीतील पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांना त्यात प्रवेश मिळतो. देशातील रुग्णालयांतील वैद्यकीय भौतिकीविज्ञ व प्रारण-सुरक्षा अधिकारी यांची मोठी संख्या या अभ्यासक्रमातून बाहेर पडली आहे व त्यांपैकी अनेक जण पुढे स्वतः प्रशिक्षक झाले. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना झाली. २००४ च्या प्रारण संरक्षण नियमांनी सुरक्षा अधिकाऱ्याच्या कर्तव्यांमध्ये कामगारांना धोक्याची व खबरदारीच्या उपायांची माहिती देण्याचा अंतर्भाव केला. त्यामुळे असा प्रत्येक अधिकारी आपल्या संस्थेपुरता प्रशिक्षकही ठरला.

नागरी संरक्षणाच्या बाजूने नागपूरचे कार्य महत्त्वाचे आहे. १९५७ मध्ये तेथे आपत्कालीन मदतकार्याचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था स्थापन झाली व तिचेच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाले. सैन्याच्या बाबतीत पुणे येथील सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात आण्विक, जैव व रासायनिक अस्त्रांपासून संरक्षणाचे शिक्षण दिले जाते.

पूर्वपीठिकांचे प्रकार : प्रशिक्षकांची व्यवसायानुसार स्थूलमानाने पुढीलप्रमाणे विभागणी करता येते.

(१) भौतिकीविज्ञ : प्रारणाचा द्रव्यावर होणारा परिणाम, आयनीकरण कक्ष, गायगर-म्यूलर गणित्र, प्रस्फुरण गणित्र इ. उपकरणांची तत्त्वे व त्यांच्या मर्यादा यांचे ज्ञान हे यांचे बलस्थान होय. प्रयोगशाळेतील नीटनेटकी परिस्थिती कामाच्या जागी आढळत नाही, हे मात्र त्यांना वेगळे शिकावे लागते.

(२) वैद्यकीय भौतिकीविज्ञ व वैद्य : मात्रेचा शरीरावरील परिणाम हे प्रत्यक्ष पाहिलेले असतात. रुग्णाला मुद्दाम मोठी मात्रा द्यावयाची आणि त्याच वेळी परिचारिकेला ती कमीत कमी मिळेल असे पाहावयाचे, या कामाच्या सवयीमुळे लाभ व धोका यांचा तोल ते उत्तम समजावून सांगतात.

(३) रसायनशास्त्रज्ञ व जीववैज्ञानिक : दूषितता, शरीरात गेलेल्या किरणोत्सर्गी द्रव्यांचे मापन व पर्यावरणाची तपासणी हे यांचे क्षेत्र आहे.

(४) अभियंते व औद्योगिक छायाचित्रक : नळ व बाष्पित्रे यांचे जोड तपासण्यासाठी इरिडियम-१९२ सारखे प्रभावी उद्गम उघड्यावर वापरले जातात. उद्गम आवरणात परत न गेल्यास काय करावे, हे स्वतः अशा प्रसंगातून गेलेला मनुष्य जितक्या परिणामकारक रीतीने सांगू शकतो तितके इतर कोणी सांगू शकत नाही. परंतु दीर्घ सवयीतून येणारी बेफिकिरीही त्याच्याकडून विद्यार्थ्यांकडे जाण्याचा संभव असतो.

(५) सैनिक, अग्निशामक व शाळाशिक्षक : १९५० नंतरच्या काळात अमेरिकेने नागरी संरक्षणासाठी साधी मापक उपकरणे मोठ्या प्रमाणावर वाटली व ती वापरण्याचे शिक्षण शाळांतील विज्ञान-शिक्षक, अग्निशामक इत्यादींकरवी दिले. शिस्त, कवायत व सोपी भाषा हे या वर्गाचे गुण होत. विषयाची खोली मर्यादित असणे ही त्याची उणीव होय.

अनुभवाचे महत्त्व : ब्राझीलमधील गोयानिया येथे १९८७ च्या सप्टेंबरमध्ये घडलेली दुर्घटना या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे. एका बंद पडलेल्या उपचार केंद्रातून सीझियम-१३७ चा उद्गम भंगारात गेला, फोडला गेला व त्यातील निळसर चकाकणारे चूर्ण लोकांनी हाताळले. संशय आल्यावर एका वैद्यकीय भौतिकीविज्ञास पाचारण करण्यात आले. त्यांनी भूवैज्ञानिक पाहणीसाठी वापरले जाणारे मापक उसने आणले. ठिकाण बरेच दूर असतानाच ते सुरू करताच काटा टोकाला गेला व कोणत्याही दिशेला धरले तरी तेथेच राहिला. उपकरण बिघडले असावे असे समजून त्यांनी परत जाऊन दुसरे आणले; त्याचेही वाचन तसेच येताच परिस्थितीचे गांभीर्य त्यांच्या ध्यानी आले. ते पोहोचले तेव्हा अग्निशामक दल तो उद्गम उचलून नदीत टाकण्याच्या बेतात होते. त्यांनी ते वेळीच थांबविले. या दुर्घटनेत ४ व्यक्ती मरण पावल्या, सु. १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली व २४९ जणांच्या शरीरावर वा शरीरात दूषितता आढळली.

या प्रसंगातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे अनपेक्षित वाचन आल्यास प्रशिक्षित मनुष्यालाही प्रथम उपकरणाचाच संशय येतो. ही शंका गैर नाही. तिची शहानिशा दुसऱ्या उपकरणाने करणे हीच योग्य पद्धती होय व ती शिकवावी लागते. याच्या उलट प्रकारही घडतो : अतितीव्र प्रारणात काही गायगर-म्यूलर गणित्रे संपृक्त होऊन त्यांचे वाचन कमी किंवा शून्य येते आणि अनभिज्ञ मनुष्य ती जागा सुरक्षित समजतो. दुसरी गोष्ट अशी की, अग्निशामकांचे धैर्य व तत्परता कमी नव्हती. त्यांना कोणी शिकविलेच नव्हते. दिल्लीतील मायापुरी येथील भंगार बाजारात २०१० मध्ये कोबाल्ट-६० चा उद्गम फोडला जाऊन एकाचा मृत्यू झाला, तेव्हाही जोखीम ओढवली ती या विषयाशी कसलाही संबंध न आलेल्या कामगारांवर. अशा वर्गाला त्यांच्या भाषेत, सूत्रांचा आधार न घेता, धोक्याचे चिन्ह ओळखावयास व जड शिशाचे आवरण न फोडण्यास शिकविणे हे पदवीधरांना शिकविण्यापेक्षा सोपे नाही.

अर्हता : अमेरिकेत आरोग्य भौतिकीविज्ञांना परीक्षेने प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था १९६० च्या सुमारास सुरू झाली. भारतात सुरक्षा अधिकारी म्हणून काम करण्यास सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. मात्र विषयाची अर्हता असणारा प्रत्येक जण उत्तम शिक्षक असतोच असे नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाने (स्थापना १९५७) प्रशिक्षकांच्याच प्रशिक्षणाचे वर्ग चालविले आहेत. चांगल्या प्रशिक्षकाकडून सामान्यतः तीन अपेक्षा असतात : प्रारण भौतिकीचे पक्के ज्ञान, उद्गम व उपकरणे प्रत्यक्ष हाताळल्याचा अनुभव आणि विद्यार्थ्याची पातळी ओळखून बोलण्याची हातोटी. उद्गमापासूनचे अंतर दुप्पट केले असता लहान उद्गमाच्या प्रारणाची तीव्रता एक चतुर्थांश होते, हा नियम फळ्यावर सांगता येतो. परंतु मापक हातात देऊन विद्यार्थ्याला एकेक पाऊल मागे सरकावयास लावले म्हणजे तो त्याच्या कायमचा लक्षात राहतो.

या तिन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत क्वचितच आढळतात. म्हणून मोठ्या संस्थांत भौतिकीविज्ञ, वैद्य, अभियंता व नियमांचा जाणकार यांनी मिळून वर्ग चालविण्याची पद्धत आहे. आजचे प्रशिक्षक हा विषय रीतसर शिकून आलेले असतात व पहिल्या पिढीला स्वतः शोधावे लागलेले ज्ञान त्यांना ग्रंथांतून मिळते. तथापि उद्गम अडकणे, आवरण फुटणे यांसारखे प्रसंग सुरक्षिततेच्या वाढत्या उपायांमुळे विरळ होत चालले आहेत व ते प्रत्यक्ष हाताळलेली माणसे सेवानिवृत्त होत आहेत. त्यांचा अनुभव नोंदवून ठेवणे व निष्क्रिय उद्गमांवर सराव घेऊन तो पुढील पिढीला देणे, हे या क्षेत्रातील प्रशिक्षणाचे एक महत्त्वाचे कार्य होय.