‘स्वमग्न’ नेमकं कोण?

ऑटिझमला आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. म्हणजे स्वतःत बुडालेला माणूस. पण आपल्या धाराशिवातल्या एखाद्या वर्गात गपचूप बसणारी स्वमग्न मुलगी डोळ्यांपुढे आणा. नजर किती वेळ भिडवायची, कधी हसायचं, हात कसे आवरायचे, हे ती दिवसभर इतरांकडे बघून ठरवते. यालाच ‘मास्किंग’ म्हणतात. बहुरूपी संध्याकाळी सोंग उतरवतो. हिला ती मुभा नाही. घरी येऊन ती कोसळते. आपण म्हणतो, ‘शाळेत तर नीट असते!’ २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. मात्र तपासणी बरीचशी दिसणाऱ्या वागण्यावर चालते. म्हणून जी उत्तम लपवते, तीच मदतीवाचून राहू शकते. निदान घरात तरी तिला हात हलवू द्यावेत, नजर चुकवू द्यावी.