हवेचा हातोडा

माझ्या मामांच्या गॅरेजात हवेचा हातोडा आहे. दिसायला पिस्तुलासारखा. सायकलच्या पंपात दाबतो ना, तशीच हवा कॉम्प्रेसर टाकीत दाबून भरतो. ती नळीतून हातोड्यात येते. खटका दाबला की आतला दट्ट्या मागेपुढे पळतो आणि छन्नीच्या बुडावर मिनिटाला २ ते ३ हजार ठोके मारतो. हाताने किती होतात, मोजून बघा! ट्रॅक्टरचा गंजलेला नट पान्याने हलला नाही तर याने फोडतात. छन्नी लोखंडाला टेकवूनच खटका दाबायचा, नाहीतर ती सुटून उडू शकते. कपच्या उडतात म्हणून डोळ्यांना चष्मा. आवाज तर विचारूच नका. मामा पूर्वी कानात काही घालत नसत. आता मामीला दोनदा हाक मारावी लागते. नव्या पोराला मात्र कान झाकल्याशिवाय ते हातोडा देत नाहीत.