ग्लीसन ७ म्हणजे सातवी स्टेज नव्हे

पडेगावच्या वस्त्यांत आम्ही फिरतो तेव्हा लोक प्लास्टिकच्या पिशवीतून रिपोर्ट काढून पुढे करतात. असाच एका बाबांच्या बायोप्सीचा कागद आला. त्यावर ‘ग्लीसन ३+४=७’. मुलगा म्हणाला, "ताई, सातवी स्टेज म्हणजे सगळं संपलंच ना?" घरात कुणाच्या पोटात अन्न नव्हते.

सातवी स्टेज नसतेच. स्टेज म्हणजे कॅन्सर कुठवर पोचला. ग्रेड म्हणजे त्याच्या पेशी किती उनाड आहेत. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी गाठ. तिचे तुकडे दुर्बिणीखाली पाहून रचनेला १ ते ५ आकडा द्यायची पद्धत अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली मांडली. आज बायोप्सीत ३, ४, ५ हेच आकडे दिसतात. पहिला आकडा जास्त भागाचा, दुसरा उरलेल्यातल्या सर्वांत वाईट भागाचा. म्हणून बेरीज ६ पासून सुरू होते. सहा ऐकून घाबरू नका, तो सर्वांत खालचा आकडा आहे.

६ चा कॅन्सर बाहेर पसरणे फार दुर्मीळ. ३+४ आणि ४+३ दोन्हींची बेरीज सातच, पण ४+३ मध्ये पसरण्याचा धोका जास्त, कारण वाईट भाग जास्त. ८ ते १० असेल तर लसिकाग्रंथी आणि हाडांकडे जाण्याची भीती सर्वाधिक. २०१४ नंतर रिपोर्टवर ‘ग्रेड ग्रुप’ १ ते ५ असाही लिहितात. ३+४ म्हणजे ग्रुप २, ४+३ म्हणजे ग्रुप ३.

ग्रेड धोका सांगतो, कॅन्सर पसरलाच असे सांगत नाही. त्यासाठी पीएसए, एमआरआय, हाडांचा स्कॅन. कमी धोक्यात लगेच ऑपरेशन लागतेच असे नाही, नुसते लक्ष ठेवतात. पण मग तपासणीची तारीख चुकवायची नाही. इथेच आपली माणसं घसरतात. बरं वाटतंय म्हणून मजुरी बुडवत नाहीत.

आणि आपले बाप्ये लघवीचा त्रास बायकोलाही सांगत नाहीत. कंबर दुखली की तेल चोळतात. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात, कमरेच्या हाडांत जातो. कंबरदुखीसोबत पाय लुळे पडले, बधिर झाले किंवा लघवी तुंबली, तर त्याच दिवशी घाटी गाठा. कॅन्सरच्या उपचारासाठी आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जाताना आधार, रेशनकार्ड आणि जुने सगळे कागद न्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आधी चौकशी करा.

त्या बाबांचा हाडांचा स्कॅन व्हायचा आहे. त्या दिवशी आम्ही सोबत जाणार आहोत.