टीव्हीवरचा रुमाल कुठे गेला?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मध्यमवर्गीय मराठी घरांत जो टीव्ही आला, त्याच्या डोक्यावर बहुधा क्रोशाचा रुमाल होता. त्याआधी तसाच रुमाल रेडिओवर असे. पुढे तो फ्रिजवर आणि टेलिफोनवर गेला, मिक्सरला तर नाडीचा झगाच मिळाला. दाराला मण्यांचे तोरण, बाजाराला जायला प्लॅस्टिकच्या वायरची घरी विणलेली पिशवी, खिडकीत मॅक्रमेच्या जाळीत टांगलेली कुंडी आणि बाळ जन्मले की टोपडे, मोजे, दुपटे. आज यांतले फारसे काही दिसत नाही. का, असे विचारले की दोन उत्तरे तयार असतात. बायका नोकरीला लागल्या, त्यांना वेळ उरला नाही. आणि यंत्राचा माल स्वस्त झाला, मग हाताने कोण करत बसणार? दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. माझ्या मते क्रोशा घरातून गेला तो वेळेअभावी किंवा यंत्रापायी नव्हे. तो ज्या देण्याघेण्यावर उभा होता, ते देणेघेणे आटले.

यंत्राचे उत्तर स्वेटरला चपखल बसते. दोन सुयांवरचे विणकाम यंत्राला सहज जमते. लुधियानाचा तयार स्वेटर लोकरीच्या गुंड्यांच्या भावात मिळू लागला तेव्हा घरच्या स्वेटरचे दिवस भरले. क्रोशाची गोष्ट वेगळी आहे. एका आकड्याने एकेक फास ओढत, कधी साखळी, कधी खांब घालत, हव्या त्या दिशेला वळणारी ही वीण यंत्राला अजून साधलेली नाही. यंत्रावर निघते ती क्रोशासारखी दिसणारी लेस. खरा क्रोशा, मग तो घरातला असो की एखाद्या झगमगीत दालनात स्वस्तात लावलेला टॉप असो, कुणाच्या तरी हातचाच असतो. तेव्हा यंत्राने क्रोशाची जागा घेतली असे म्हणता येत नाही. उलट यंत्रांनीच त्याला जागा दिली होती. खर्चून, बहुधा हप्त्यांवर घेतलेली वस्तू धुळीपासून जपायची आणि जपतो आहोत हे पाहुण्याला दिसूही द्यायचे, अशी दोन कामे तो रुमाल करी. टीव्ही भिंतीला चिकटला तेव्हा रुमाल ठेवायला त्याला माथाच राहिला नाही. फोन खिशात गेला. पण एवढ्यानेही कोडे सुटत नाही. रेडिओ गेला तेव्हा रुमाल बिनतक्रार टीव्हीवर सरकला होता. टीव्ही सपाट झाल्यावर त्याला दुसरे काही सुचू नये, हे नवल आहे.

वेळेचे उत्तर जास्त खोलात जाऊन पाहायला हवे, कारण त्यात एक गैरसमज दडला आहे. क्रोशा ही रिकामपणची करमणूक, असे धरून चालण्याची सवय आहे. कामाची रीत पाहिली तर उलटेच दिसते. दोन सुयांवरच्या विणकामात शंभर-दीडशे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात; एक निसटला तर खालपर्यंत उसवत जातो. भरतकामाला रिंग आणि चांगला उजेड लागतो, शिवणाला यंत्र आणि बसायची जागा. क्रोशात कुठल्याही क्षणी एकच फास उघडा असतो. दूध उतू जाऊ लागले, पोर रडले, दारावर कुणी आले, तर तो फास जरा मोठा ओढून ठेवायचा आणि उठायचे. चुकले तर दोरा ओढला की सगळे उलगडते आणि दोरा वाया जात नाही. मोठा टेबलक्लॉथसुद्धा तळहाताएवढ्या फुलांचा करता येतो आणि ती फुले सवडीने जोडता येतात. सलग दोन तास ज्यांना मिळतात त्यांच्यासाठी हे तंत्र घडलेले दिसत नाही. ज्यांचा दिवस पाच-पाच, दहा-दहा मिनिटांत तुटलेला आहे, त्यांच्या हाती ते फिट्ट बसले. आणि तो दिवस आजही तुटलेलाच आहे. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळवापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७. नोकरीने वेळ खाल्ला हे खरे, पण तुकड्यांचा वेळ तिने संपवला नाही. लोकलच्या बायकांच्या डब्यात शेंगा सोलणारे हात हे दाखवतातच. त्या तुकड्यांवर आता मोबाइलचा हक्क आहे, हा आक्षेप रास्त आहे. तरी दिवसाची कितीतरी मिनिटे पडद्याला देणारी बाई त्यातली थोडी दोऱ्याला का देत नाही, हा प्रश्न उरतोच.

याचे उत्तर ती वस्तू कुणासाठी होत असे, यात आहे. घरातला क्रोशा विकायचा नसे. बहिणीच्या बाळंतपणासाठी, नणंदेच्या नव्या बिऱ्हाडासाठी, शेजारणीच्या मुलीच्या रुखवतासाठी तो होई, आणि कधी ना कधी दुसऱ्या रूपात परतही येई. नमुना उतरवून घेणे हेही त्या देवघेवीतच आले. कागदावर लिहिलेली कृती नसली तरी रुमाल हातात घेऊन खांब मोजले की वीण कळते. एका घरातले अननसाचे डिझाइन वर्षभरात अख्ख्या चाळीत दिसे ते यामुळेच.

इथे कुणी म्हणेल की ही जुन्याची आरती आहे. क्रोशा प्रेमाने होत होता, तसा धाकानेही होत होता. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळांत कार्यानुभव सुचवला तो मुलगे-मुली असा भेद न करता; प्रत्यक्षात अनेक शाळांत सुई-दोरा मुलींच्या वाट्याला आला. रुखवत तर उघड परीक्षाच होती. नारळाचे नवरानवरी, मण्यांचे मोर, क्रोशाचे रुमाल मांडवात मांडायचे आणि वरपक्षाने मुलीचा हात कसा आहे ते जोखायचे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या म्हणण्याला तो मदतच करतो. रुखवत आजही मांडले जाते, फक्त ते तयार विकत किंवा भाड्याने मिळते. लग्न लागले की त्यातल्या कितीतरी वस्तू पुढच्या मांडवाकडे रवाना होतात. म्हणजे दाखवण्याची सक्ती टिकली आणि करणे सुटले. क्रोशा निव्वळ सक्तीवर जगत असता, तर सक्ती शाबूत असताना तो असा सहज गळून पडला नसता.

याच विणीला पैशांत मोजले की काय होते, ते पाहायला आंध्रातल्या नरसापूरला जावे लागते. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी तिथे क्रोशाची लेस नेली आणि विसाव्या शतकात तो मोठा निर्यातधंदा झाला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंचे त्यावरचे पुस्तक १९८२ साली आले. दलालाने दोरा द्यायचा, बाईने घरात बसून नगावर विणायचे. कुणी नुसती फुले करायची, कुणी ती जोडायची. व्यापारी पुरुष, विणणाऱ्या बायका, त्यांतल्या अनेक पडदा पाळणाऱ्या कापू जातीच्या घराण्यांतल्या. दिवसाचे कित्येक तास त्यांचे हात चालत, पण सगळ्यांच्या लेखी त्या गृहिणीच होत्या आणि हे त्यांचे रिकामपणचे काम होते. म्हणून मजुरी नाममात्र. मीस यांचा मुद्दा असा की हा समज ही चूक नव्हतीच, धंद्याचा नफाच त्यावर उभा होता. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण होईल. मजुरीचा दर मानांकन ठरवत नाही.

मग गिरगावातल्या सात बायकांनी १९५९ साली ८० रुपये उसने घेऊन लिज्जत उभी केली, तसे क्रोशाचे का झाले नाही? पापड वजनावर मोजता येतो, म्हणून लाटणावळीचा दर ठरतो आणि तो सगळ्यांना दिसतो. पापड खाऊन संपतो, गिऱ्हाईक महिन्याने परत येते. क्रोशाचा रुमाल वीस वर्षे फाटत नाही, हाच त्याचा धंद्यातला दोष. आणि त्यात गेलेले तास पाहणाऱ्याला दिसत नाहीत.

याउलट ज्या घरगुती कला एखाद्या ठरल्या दिवसाला बांधलेल्या आहेत त्या तगल्या. दिवाळीत कामट्यांचा आकाशकंदील आणि मुलांचा मातीचा किल्ला बाजाराला पुरून उरले आहेत. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा गणपतीच्या मखरासाठी पुठ्ठा, कागद आणि जुन्या साड्या पुन्हा बाहेर निघाल्या. दिवस ठरलेला आणि घरातले सगळे त्याभोवती जमणारे, एवढे असले की वेळ सापडतो. त्यात पुरुषही हात लावतात, हे क्रोशाच्या वाट्याला कधी आले नाही.

२०२०च्या टाळेबंदीत क्रोशा परतला, पण दुसऱ्या दाराने. यूट्यूबवर शिकलेल्या मुली जपानी धाटणीच्या लोकरी बाहुल्या, पर्सेस, कीचेन करू लागल्या. रुमाल कुणी करत नाही, ते ठीकच. नवे आहे ते भाव सांगणे. या मुली वस्तूचे छायाचित्र टाकतात आणि खाली किंमत लिहितात. आणि गिऱ्हाईक ठरलेला प्रश्न विचारते की एवढ्याशा दोऱ्याचे इतके पैसे कसे? काही जणी आता लागलेले तासही लिहितात. हे फार व्यापारी झाले, त्यातला जिव्हाळा गेला, अशी कुरकुर ऐकू येते. ती बहुधा अशांची असते ज्यांना आजवर सगळे फुकट मिळाले. नरसापूरच्या बायकांना आपल्या तासांचा भाव स्वतः लिहायची सोय नव्हती. या मुलींना आहे, आणि भाचीच्या बारशाचे दुपटे त्या तरीही बिल न लावताच करतात. ओळखीपाळखीच्या कुणी तसलेच आणखी एक मागितले, तर मात्र आधी दोऱ्याचे पैसे, मग मजुरी, आणि वितरणाला तीन आठवडे.